एका सायकलीची विक्री
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या प्रसंगी मी शाळेच्या इतिहासावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. परंतु तो इतिहास माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगू शकतील अशी मंडळी समोरच बसली आहेत. म्हणून मी त्यांची परवानगी काढून एक अगदी खासगी विषय निवडला आहे. गेल्या वर्षी मी माझी सायकल विकली. त्या व्यवहाराची हकीकत मी आपणांस सांगणार आहे.

माझ्या पिढीतील हैदराबादकरांना आपल्या शाळेच्या फाटकासमोरचे सायकलचे दुकान आठवत असेल. तेथे तासाच्या भाड्याने सायकल मिळे. ज्यांचे पाय दांडीवरून पोहोचत नसत ते आम्ही दांडीखालून पाय घालून, अंग वाकडे करून ती चालवीत असू. त्या दुकानाच्या मालकांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. शाळेत मराठी, घरी मराठी आणि उस्तादांकडे दखनी, असे आमचे शिक्षण चाले. आठवीच्या सुट्टीत त्यांनी मला चाकाचा आऊट काढायला शिकवले. चाक उलट्या चिमट्यात फिरवायचे, रिम कोणत्या बाजूला झुकते ते खडूच्या टोकाने पाहायचे आणि त्या जागेच्या स्पोकची निपल पाव फेरा, फक्त पाव फेरा, फिरवायची. मी घाई केली की ते म्हणत, “जल्दी नक्को करो मियाँ.” पुढे अभियांत्रिकी शिकल्यावर समजले, की त्या चाकात भाराखाली खालचे स्पोक दाबले जात नाहीत, त्यांचा ताण तेवढा सैल होतो, सारे चाक ओढलेल्या तारांवर उभे असते. मला ते पुस्तकात वाचून नवल वाटले नाही. बोटांना ते आधीच ठाऊक होते.

१९८४ साली नोकरीनिमित्त मला वर्षभर बर्मिंगहॅमला प्रशिक्षणासाठी पाठविण्यात आले. त्याच शहरात रेनॉल्ड्सच्या नळ्या तयार होत. १९३५ साली बाजारात आलेली त्यांची ‘५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी सायकलशौकिनांच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाची. तिचे वैशिष्ट्य असे, की ती टोकांशी जाड आणि मध्ये पातळ असते. बाहेरून हा फरक दिसत नाही. तो आतल्या अंगाला असतो. जोड जेथे येतो तेथे उष्णतेने धातू दुबळा होतो, म्हणून तेथे जाडी ठेवायची आणि मधल्या भागात वजन वाचवायचे. ही क्लृप्ती रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ सालीच पेटंट करून ठेवली होती. या मधल्या भागाची जाडी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

तेथील एका छोट्या कारखान्यात एक वृद्ध कारागीर मागणीनुसार सायकलचे सांगाडे घडवीत. त्यांनी शिंप्याप्रमाणे माझी मापे घेतली: पायाची आतली उंची, धड, हात, खांदे. मग विचारले, “ही घेऊन जाणार कोठे?” मी म्हटले, “गंडीपेटला.” त्यांना अर्थातच काही कळले नाही. मी सांगितले, की १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाने बांधलेला तो तलाव आहे, रस्ता चढउताराचा आहे आणि डांबर जागोजागी उखडलेले आहे. त्यांनी चाकांना छत्तीस-छत्तीस स्पोक घातले आणि मागच्या चाकाजवळ जाड टायर बसेल एवढी जागा ठेवली. लगांच्या कडा त्यांनी कानशीने घासून इतक्या पातळ केल्या होत्या, की नळी कोठे संपते आणि लग कोठे सुरू होते ते बोटाला कळू नये. पितळी डाख लगेच्या कडेभोवती केसाएवढ्या रेषेत दिसे. वर गडद हिरवा रंग. माझी तीन महिन्यांची बचत त्यात गेली. खोक्यात बांधून विमानाने ती आणली तेव्हा तिच्या किमतीवरून विमानतळावर जो संवाद झाला, तो या व्यासपीठावर सांगण्यासारखा नाही.

त्यानंतर सदतीस-अडतीस वर्षे दर रविवारी पहाटे मी त्या सायकलीवर होतो. तेवढ्यावरच हे प्रकरण आवरतो. सुखाचे वर्णन लांबले की श्रोते घड्याळ पाहू लागतात.

तीन वर्षांपूर्वी मला भोवळ येऊ लागली. कानाच्या आतला दोष आहे, असे निदान झाले. चालण्यास हरकत नव्हती. दोन चाकांवर बसू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. सायकल भिंतीवर टांगली गेली. मुलगा परदेशी, नातवाला तिच्यात रस नाही. एका उपाहारगृहाच्या सजावटकाराने ती शोभेसाठी मागितली आणि चांगली किंमत देऊ केली. मी रागावून नकार दिला. आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “इथे तरी दुसरं काय चाललंय? भिंतीवरच तर आहे.” त्या दिवशी विकायचे ठरले, पण चालवणाऱ्यालाच.

येथे अडचण अशी, की अशी सायकल कपड्यासारखी असते. माझ्या अंगाचे माप ज्याला बसेल तोच तिचा गिऱ्हाईक. सात-आठ जण येऊन गेले. कोणाला सांगाडा मोठा, कोणाला किंमत मोठी. अखेर वरंगळकडचा एक तरुण आला. संगणकक्षेत्रात नोकरी आणि लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचे वेड. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत पुरे करण्याचे जे उपक्रम असतात, त्यांत तो भाग घेई. तो सायकलवर बसला, पाय पॅडलवर टेकवले आणि मला कळले की हिला माणूस मिळाला. बावीस हजारांना सौदा ठरला. निघताना तो म्हणाला, “अंकल, येत्या रविवारी हिला श्रीशैलमला नेतो.”

मित्रहो, आता जे सांगायचे आहे ते मी माझ्या घरीही कधी सांगितले नव्हते.

१९९७ साली पहाटेच्या अंधारात एका उभ्या बैलगाडीवर मी आदळलो होतो. मला खरचटले एवढेच. चिमटा वाकला, तो मी बदलला. परंतु खालच्या तिरक्या नळीला, पुढच्या लगेपासून चार बोटांवर, खालच्या बाजूने एक बारीक सुरकुती पडली होती. जाड भाग संपून पातळ भाग जेथे सुरू होतो, नेमकी तेथेच. जाणकार माणूस समोरून धडकलेल्या सायकलीत पहिल्यांदा हीच जागा पाहतो. मी काय केले? पुट्टी भरली, घासली, तसाच हिरवा रंग शोधून लावला. उस्तादांकडे शिकलेले हात होते. काम इतके सफाईदार झाले, की वर्षभराने मलाही जागा शोधावी लागे. त्यानंतर पंचवीस वर्षे काही झाले नाही. आणि लोकांना मी सांगत आलो, की माझी सायकल एकदाही धडकलेली नाही. हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले होते, की त्या तरुणाने विचारले तेव्हाही तेच तोंडातून आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. श्रीशैलमचा घाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. नल्लमलाचे जंगल, एकामागून एक वळणे आणि खाली कृष्णा. मी स्वतः त्या नळीवर पंचवीस वर्षे बसलो होतो हे खरे. पण मी कोठे जोर लावायचा आणि कोठे नाही हे जाणून बसलो होतो. तो नकळत बसणार होता. पैसे कपाटात होते. गप्प राहिलो असतो तर जगात कोणालाही कळले नसते. मनाची समजूत घालणारे युक्तिवाद मला पुष्कळ सुचले. अभियंत्याला ते नेहमीच सुचतात. पोलाद अचानक तुटत नाही, आधी सूचना देते, हा त्यांतला मुख्य. तो बराचसा खराही आहे. पण पुट्टीखालची सूचना दिसणार कोणाला?

पहाटे पाच वाजता मी त्याला फोन केला. सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो एवढेच म्हणाला, “अंकल, मी तुम्हाला विचारलं होतं.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

मी पैसे परत देऊ केले. त्याने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, की सायकल त्याला हवीच आहे, पण नळी बदलून. आपल्या देशात हाताने सांगाडे घडविणारे कारागीर आता थोडे का होईना तयार होत आहेत. त्यांतील बंगळुरूच्या एका तरुणाने काम पत्करले. जुनी नळी कापून काढायची, लगांमधला डाख तापवून तिचे तुकडे सोडवायचे आणि बाकीच्या नळ्यांना जास्त आच न लागू देता नवी बसवायची, हे नाजूक काम आहे. खर्च मी केला. नळी, मजुरी, रंग आणि ने-आण धरून तो वीस हजारांच्या वर गेला. म्हणजे व्यवहारात माझ्या हाती जवळपास काहीच उरले नाही. हे मी औदार्य म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो. पत्नीला हिशेब सांगताना कारणही सांगावे लागले. ती म्हणाली, “बैलगाडीचं तेव्हाच सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

रंग मात्र त्या तरुणाने बदलला. आता ती निळी आहे. प्रथम पाहिली तेव्हा मला बरे वाटले नाही. गेल्या हिवाळ्यात त्याने तिच्यावर सहाशे किलोमीटर पुरे केले. छायाचित्र पाठवले, खाली एक अक्षरही नव्हते. अलीकडे तो कधी कधी फोन करतो, ते बहुधा मागच्या चाकाचा आऊट कसा काढावा, हे विचारण्यासाठी.

काढलेली नळी मी बंगळुरूहून मागवून घेतली. पुट्टी निघाल्यावर सुरकुती स्वच्छ दिसत होती. तिच्या पोटात तडा गेला होता का, असे मी त्या कारागिराला विचारले. तो म्हणाला, “करवत नेमकी तिथूनच गेली. आता सांगता येणार नाही.”

ते दोन्ही तुकडे मी आज सोबत आणले आहेत. कार्यक्रमानंतर ते कार्यशाळेच्या टेबलावर ठेवलेले असतील. विद्यार्थ्यांनी खालच्या बाजूने, लगेच्या टोकापासून चार बोटांवर, अंगठा फिरवून पाहावा. करवतीच्या कडेला धार आहे, तेवढे सांभाळावे.