पोट सुटलेली कोंबडी

आम्ही बचत गटातल्या बाया आज कोंबड्यांविषयी बोलणार आहोत. पिलांविषयी नाही, जुन्या कोंबड्यांविषयी. दोन-तीन वर्षं अंडी देऊन झालेल्या कोंबडीकडे आपलं फारसं लक्ष नसतं. दाणे टाकले, सांजेला खुराडं लावलं, झालं.

आमचीही तीच गत होती. गटातल्या एका ताईंची तांबडी कोंबडी दिवसभर पाटीत बसून राहायची. तिचं तिसरं वर्ष सरत आलं होतं. अंडं काही दिसेना. आम्ही सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, खुडूक झालीय, पाण्यात बुडवा आणि डालग्याखाली कोंडा. ताईंनी तसं केलं. पोट चांगलं भरलेलं दिसत होतं, म्हणून अंगानं बरी आहे असंच वाटलं. आठव्या दिवशी ती मेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती आमच्यासमोर उघडली, तेव्हा पोटात पिवळसर पाणी आणि शिजलेल्या बलकासारख्या गाठी निघाल्या. आणि आम्ही तिला गार पाण्यात बुडवत होतो!

असं का होतं ते डॉक्टरांनी समजावलं. कोंबडीच्या आत आधी बलक तयार होतो. तो सुटून अंडनलिकेत जातो, तिथं त्याच्याभोवती पांढरं आणि मग कवच चढतं. कोंबडीचं वय झालं किंवा नलिका सुजली की बलक चुकून पोटात पडतो. एखादा पडला तर जिरून जातो. वरचेवर पडू लागला आणि त्यात जंतू शिरले की पोट सुजतं, पाणी धरतं. कधी यकृत बिघडलेलं असतं, कधी आत गाठ वाढते. बाहेरून सगळी पोटं सारखीच, त्यामुळं नेमका आजार घरी कळत नाही. सुजलंय एवढं मात्र हाताला कळतं.

आता खुडूक कशी ओळखायची? खुडूक कोंबडीला हात लावून बघा. पिसं फुलवते, कुरकुरते, चोच मारते. आजारी कोंबडी काही करत नाही, डोळे मिटून पडून असते. उठली तर शेपूट खाली, पाय फाकलेले, बदकासारखी डुलत चालते. मागची पिसं विष्ठेनं चिकटलेली असतात. तुऱ्यावर मात्र विसंबू नका, खुडूक कोंबडीचाही तुरा फिका पडतो. तुरा जांभळट दिसला आणि चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, तर दुखणं पुढं गेलंय समजा.

सांजेला कोंबड्या आत शिरल्या की एकेक हातात घ्यायची. काखेत धरायची आणि तळहात दोन पायांच्या मधे, पोटाखाली लावायचा. निरोगी कोंबडीचं पोट मऊ लागतं. सुजलेलं पोट पाणी भरलेल्या पिशवीसारखं नाहीतर कणकेच्या गोळ्यासारखं गच्च लागतं. मग छातीच्या हाडावरून बोट फिरवा. हाड सुरीच्या पातीसारखं वर आलंय आणि पोट मात्र मोठं, तर ती चरबी नाही. शेजारच्या चांगल्या कोंबडीला हात लावून ताडून बघा, फरक लगेच कळेल. आणि बाजारात नेतो तशी पाय धरून उलटी करू नका. पोटातल्या पाण्याचा दाब येऊन तिचा श्वास कोंडतो.

पोटात अंड्याएवढं टणक काही लागलं आणि कोंबडी कुंथत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला 15-20 मिनिटं कोमट पाण्यात बसवा, कोरडी करून अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. दाबून अंडं काढायला जाऊ नका, ते आत फुटलं तर कोंबडी जाते. नाहीच आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सुई टोचून पाणी काढतात हे आमच्याही कानावर आलंय. ते काम डॉक्टरांचं. घरातल्या माणसांच्या गोळ्याही देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे विचारून घ्या. खरं सांगायचं तर अशा जुन्या कोंबड्या फार थोड्या वाचतात. पण लवकर कळलं तर तिचे हाल तरी कमी होतात.

एका मावशींनी विचारलं, मरायच्या आधी कापून खाल्ली तर? नको. आजारी कोंबडी खायची नाही, बाजारात विकायचीही नाही. मेली तर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची.

हे दुखणं सहसा एकाच कोंबडीचं असतं, मानमोडीसारखं खुराडंभर पसरत नाही. पण दोन-तीन कोंबड्या एकदम मलूल झाल्या किंवा पटापट मरू लागल्या, तर ती वेगळीच गोष्ट. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातानं शिवू नका. दवाखान्यात कळवा किंवा 1962 नंबरवर फोन लावा.

ताईंच्या खुराड्यात तांबडीच्या वयाच्या आणखी दोन आहेत. दर शनिवारी आम्ही त्यांच्या पोटाला हात लावतो. एकीचं पोट मऊ आहे. दुसरीचं गेल्या शनिवारी थोडं जड लागलं, म्हणून उद्या तिला पाटीत घालून दवाखान्यात नेतोय.