बर्फात अडकलेली गाडी

२००७ साली जपानमध्ये ताटातुटीच्या दोन अ‍ॅनिमे प्रेमकथा आल्या. एक, 'स्कूल डेज' ही १२ भागांची मालिका. तिचा नायक माकोतो एकाच वेळी अनेक मुलींना झुलवत ठेवतो. त्यांतल्या कोतोनोहाला वर्गातल्या मुली छळतात आणि शेवटी खून पडतात. आपण हादरतो, पण डोळ्यांत पाणी येत नाही. या मुलांना एकमेकांत काय आवडलं, हेच आपल्याला कळलेलं नसतं. जीव लावण्याआधीच जीव घेतला, तर दुःख होणार कसं?

दुसरा, माकोतो शिन्काई यांचा तासाभराचा चित्रपट, 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड'. इथे कुणीच दुष्ट नाही. शाळकरी ताकाकी तोक्योहून आपल्या मैत्रिणीला, अकारीला, भेटायला निघतो. बर्फामुळे गाड्या तासन्‌तास खोळंबतात. तिच्यासाठी लिहिलेलं पत्र फलाटावर वाऱ्याने उडून जातं. तिने आता थांबू नये, घरी जावं, असं त्याला मनोमन वाटत राहतं. आणि रात्री उशिरा इवाफुने स्टेशनात ती शेगडीजवळ मान खाली घालून बसलेली दिसते, सोबत स्वतः बनवलेला डबा.

पुढे भांडण होत नाही, पत्रं फक्त कमी होत जातात. मला हे त्या रक्तपातापेक्षा कितीतरी जास्त लागतं. अखेरीस, मोठेपणी, रेल्वे फाटकाशी दोघं एकमेकांच्या जवळून जातात. तो वळून पाहतो. मध्ये गाडी येते. गाडी निघून जाते, तेव्हा पलीकडे कुणी नसतं.