विषय आपल्या खिशातच आहे

(जिल्हा बैठकीत, पत्रकासाठी मजकूर लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मागच्या बैठकीत ठरले होते की प्रत्येक तालुक्याने पत्रकासाठी एक पान मजकूर लिहून आणायचा. विषय कोणताही चालेल, फक्त तो आपल्या शेतीच्या धंद्याचा असावा. सात तालुक्यांतून पाने आली. काल रात्री बसून मी ती सगळी वाचली. सातांपैकी पाचांचा मथळा जवळजवळ एकच, 'शेतकऱ्यांची दुरवस्था आणि शासनाचे धोरण'. लिहिणाऱ्याचे नाव झाकले तर कोणते पान कोणत्या तालुक्याचे, हे मला सांगता आले नसते. त्यात खोटे काही नाही. पण लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आले नसते असेही त्यात काही नाही.

आज सकाळी बाहेर चहा घेताना मात्र मी वेगळेच ऐकले. एक भाऊ सांगत होते, कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या दारात दोन रात्री झोपलो आणि दुसऱ्या दिवशी भाव शंभराने उतरला. एक ताई म्हणाल्या, यंदा ज्वारी पेरली नाही, कडबा नाही, म्हणून दुभती गाय विकावी लागली. तिसऱ्याला बियाण्याच्या पाकिटाबरोबर नको असलेल्या खताची गोणी घ्यायला लावली होती. मी विचारले, "मग पानावर हे का नाही लिहिले?" उत्तर आले, "भाऊ, ते तर रोजचंच आहे. त्यात लिहायचं काय?"

आजचे माझे बोलणे या एका वाक्याबद्दल आहे.

माझे वाया गेलेले लेख

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःचे सांगतो. मी शेतकी महाविद्यालयात शिकलो, पदवी घेतली. चळवळीत आलो तेव्हा लिहिण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले. शिकलेला माणूस लिहीलच, असा सगळ्यांचा समज. मीही लिहिले. 'कोरडवाहू कापसाचे सुधारित तंत्र', 'एकात्मिक खत व्यवस्थापन', असे आठ-दहा लेख. पुस्तकात होते ते माझ्या लेखात उतरले. पुढे एका गावी जेवायला गेलो तेव्हा माझा लेख मला पुन्हा भेटला. त्या घरच्या माउलीने त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. लेखाचा तेवढा तरी उपयोग झाला.

मग २०१४ साल आले. दिवाळी होऊन गेली होती. वडिलांबरोबर कापूस घेऊन गेलो. काट्यावर माल भरला १८ क्विंटल ४० किलो. भाव ठरला ३,९०० रुपये. हिशोबपट्टी हातात आली तेव्हा वजन कमी दिसले. विचारले तर म्हणाले, क्विंटलमागे एक किलो कट्टी. कशाची कट्टी? ओलाव्याची, मातीची, वाऱ्याची. मी वाद घालू लागलो तेव्हा वडिलांनीच माझा हात धरला. म्हणाले, "चालायचंच. सगळ्यांचीच कापतात."

घरी येऊन कागदावर मांडले. १८ किलो ४०० ग्रॅम, किलोला ३९ रुपये, म्हणजे ७१७ रुपये ६० पैसे. आई शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारले, "वेचणी किती रुपयानं दिली आपण?" किलोला सहा रुपये दिली होती. ती शाळेत गेलेली नाही, पण बोटांवर हिशोब करून म्हणाली, "म्हंजे चार बायांचा रोज गेला म्हना ना."

खरेच होते. ७१७ रुपयांत जवळजवळ १२० किलो कापूस वेचून होतो. एक बाई दिवसभर वाकून तीसेक किलो वेचते. चार बायांनी उन्हात दिवस घालवला आणि त्या दिवसाचे पैसे काट्यावर फुकापासरी गेले.

त्या रात्री मी एक पान लिहिले. तारीख, वजन, भाव, कट्टी, आणि आईचे वाक्य. व्यापाऱ्याला शिवी नाही, शासनाचे धोरण नाही. पुढच्या बैठकीला अकरा जण आपापल्या पट्ट्या घेऊन आले. कुणाची कट्टी एक किलो, कुणाची दोन. त्या पट्ट्या एकत्र लावून आम्ही बाजार समितीत गेलो. एरवी आम्ही बोलायला लागलो की 'लेखी द्या' म्हणत. या वेळी लेखीच होते, तारखेसह. त्या हंगामात कट्टी थांबली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या नावाने परत आली, तेही खरे. पण आता लोक पट्टी जपून ठेवू लागले होते.

माझा अनुभव एकट्याचा होता तोवर ते गाऱ्हाणे होते. आणखी अकरा पट्ट्या आल्या आणि त्याचा पुरावा झाला. पण पहिला कागद कुणीतरी लिहावा लागतो.

विषय कुठे शोधायचा?

पहिली जागा खिसा. खिशात आणि घरातल्या खुंटीवरच्या तारेत जे कागद अडकवलेले असतात ते काढा. बियाण्याचे बिल, काट्याची चिठ्ठी, विम्याची पावती, बँकेचे पत्र. प्रत्येक कागदाला विचारा, तू घरात आलास तेव्हा काय घडले होते? पाच कागदांमागे दोन तरी लेख निघतात.

दुसरी जागा म्हणजे पाहुण्याचा प्रश्न. पुण्या-मुंबईचा भाचा येतो आणि विचारतो, "मामा, तुमच्याकडे पूर्वी एवढी ज्वारी असायची, आता का नाही?" आपण हसून 'परवडत नाही' म्हणतो आणि विषय मिटवतो. पण 'परवडत नाही' या दोन शब्दांत किती गोष्टी आहेत ते बघा. खरिपाची ज्वारी दाण्यात आली की पाऊस येतो आणि कणीस काळे पडते. पाखरे आहेत, रानडुकरे आहेत, म्हणजे जागल आली. कापणीला आणि कणसे खुडायला माणूस मिळत नाही. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की गाय गेली, गाय गेली की शेणखत गेले. सकाळी ज्या ताईंनी गाय विकल्याचे सांगितले त्यांनी एवढेच ओळीने लिहावे. त्यांच्या तोंडून आलेले हे पान मी लिहिलेल्या दहा पानांपेक्षा लोक लक्ष देऊन वाचतील.

तिसरी जागा म्हणजे आपली चूक. ही जरा अवघड आहे, म्हणून पुन्हा माझेच सांगतो. २०१६च्या हंगामात आमच्या विहिरीला पाणी राहिले होते. मी पऱ्हाटी उपटली नाही, फरदड घेतली. तीन क्विंटल कापूस वर मिळाला, मी खूश. उपटलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचून ठेवल्या, त्या मे महिन्यापर्यंत तिथेच. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत राहते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. २०१७ साली फुलांच्या डोमकळ्या दिसू लागल्या आणि पुढे बोंडे फोडावी तर आत अळी. त्या वर्षी महाराष्ट्रभर बोंडअळीने कापूस खाल्ला. बीटीची दोन जनुके असलेल्या वाणालाही ती दाद देईनाशी झाली होती. सगळा दोष काही माझ्या बांधावरच्या पऱ्हाट्यांचा नव्हता. पण माझ्या वाटणीचा होता. हे मी सभेत सांगितले तेव्हा चार जण उठून म्हणाले, आमच्याही बांधावर तेच आहे. 'फरदड घेऊ नका' असा फलक लावून जे झाले नव्हते ते एका शेतकी पदवीधराच्या कबुलीने थोडे तरी झाले.

चौथी जागा घरातला वाद. काय पेरायचे, कधी विकायचे, सालदार ठेवायचा की नाही, यावर घरात जे वाजते त्यात दोन्ही बाजूंना काही मुद्दा असतो. दोन्ही बाजू लिहा. निकाल वाचणाऱ्यावर सोडला तरी चालेल.

अनुभवाचा लेख कसा होतो?

नुसते 'मला असे झाले' लिहून भागत नाही. तीन प्रश्न ओळीने विचारा. मला काय झाले? हे आणखी कुणाला होऊ शकते? त्याने मग काय करावे?

एक उदाहरण घ्या. आपल्यातल्या एकाचा कापूस खरेदी केंद्रावरून परत पाठवला. त्याने आधी लिहिले होते, 'केंद्रावर शेतकऱ्याची अडवणूक'. मी त्याला त्या दिवशीचे सगळे आठवायला लावले. कापूस पहाटे दवात वेचला होता, तसाच गाठोड्यात बांधला, दुपारी गाडीत दाबून भरला. यंत्राने ओलावा तेरा टक्के दाखवला. शेजाऱ्याने आपला कापूस दोन दिवस उन्हात पसरला होता, त्याचा नऊ भरला. नियम असा की आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, आठ ते बारामध्ये त्या प्रमाणात कपात, बाराच्या वर घेत नाहीत. आता लेख बघा कसा झाला. घडलेली गोष्ट आहे, नियम आहे, आणि दव उतरल्यावर वेचा, वाळवून न्या, हा सल्लाही आहे. त्यानंतरही यंत्र चुकीचे दाखवत असेल तर तक्रार करायला आपले पाय भक्कम आहेत.

लिहिताना पथ्येही आहेत. आकडा जेवढा असेल तेवढाच लिहा. एकरी दोन क्विंटल झाले तर दोनच. दुःख मोठे दिसावे म्हणून दीड लिहिलेत, आणि ते एकदा उघडे पडले, तर बाकीच्या नव्व्याण्णव खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट त्याला विचारल्याशिवाय लिहू नका, विशेषतः ज्या घरातला माणूस गेला आहे तिथली. आणि जे घडले ते त्याच संध्याकाळी लिहा. आठ दिवसांनी आकडा विसरतो आणि राग तेवढा उरतो.

हे कशासाठी?

कुणी म्हणेल, कामे सोडून हा लिहिण्याचा उद्योग कशाला? आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, दिवसाला शंभर निरोप येतात. येतात खरे, पण ते कुठल्या शेतातले असतात? आपण दुसऱ्याचे पुढे ढकलत राहतो आणि आपल्या बांधावरचे कुणालाच कळत नाही.

दुसरे असे की भाव कागदावर ठरतो. कृषिमूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला, १९८५ पासून त्याच्या नावात उत्पादन खर्चही आला. ए२, त्यात कुटुंबाची मजुरी, आणि सी२, हे खर्चाचे प्रकार आपल्या सभांतून आपण ऐकतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. तो खर्चाला पुरतो की नाही यावर आपण घसा कोरडा करतो. पण मी विचारतो, या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांच्या वहीत जागलीच्या रात्री मांडलेल्या आहेत? बैलाचे दिवस? बाजाराच्या फेऱ्या? घरच्या बाईने केलेले निंदण? वही नसेल तर आपल्याकडे फक्त आवाज उरतो.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात सरकारी कारभारावर टीका आहे, तशीच शेतकऱ्याचे घर, गोठा, त्याच्या अंगावरचे कपडे यांची बारकाईने केलेली नोंदही आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षे चालवले. शहरातल्या छापखान्याची वाट बघत ते बसले नाहीत.

तर आता काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक पान आणायचे. वर तारीख आणि शिवाराचे नाव. मग घडलेली एक गोष्ट. त्यात एक तरी खरा आकडा. शेवटी वाचणाऱ्याला एक प्रश्न किंवा एक सल्ला. बस. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते मी बघतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या पोराने लिहावे. मायबहिणींना माझी खास विनंती आहे. वेचणी, निंदण, खुरपणी, बियाण्याची राखण, यातला निम्म्याहून जास्त धंदा तुमच्या हातातून जातो आणि सातांपैकी एकही पान तुमचे नव्हते.

सकाळचे ते तीन भाऊ-ताई समोरच बसले आहेत. जिनिंगच्या दारातल्या दोन रात्री, विकलेली गाय आणि गळ्यात पडलेली खताची गोणी. या तीन पानांसाठी पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो. 'दुरवस्था' या मथळ्याची पाच पाने माझ्यापाशी आहेत. ती कुणाला परत हवी असतील तर जाताना घेऊन जा. मागच्या बाजूला कोरी आहेत, लिहायला उपयोगी पडतील.