शिक्षा भोगून आलेला शेजारी

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात घराला घर लागलेले. तिथे लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून कुणी परतला, तर शेजाऱ्यांनी वागावे कसे? अशा गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ सालापासून आहे. पण ती पोलीस व तपास यंत्रणांपुरती, गावासाठी खुली नाही. तेव्हा कानोकानी आलेल्या नावावरून कुणाच्या दारावर धावून जाऊ नका. त्याचे पाणी तोडू नका, त्याच्या बायकापोरांना टाकू नका. मात्र आपले मूल त्याच्याकडे एकटे धाडू नका. आणि नजर एकाच दारावर ठेवून भागत नाही. मुलांना छळणारा बहुधा ओळखीचाच निघतो. मूल काही सांगू लागले, तर त्याला गप्प करू नका. पोलिसांना वा १०९८ वर कळवा; २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे. माणुसकी सोडू नये, डोळाही मिटू नये.