भाषांतराचा ताळेबंद

(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा आढावा या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही आपले लक्ष एका निराळ्या हिशेबाकडे वेधू इच्छितो. हा हिशेब रुपयांचा नसून शब्दांचा आहे.

गेल्या वर्षी परिसरातील एक आजी शस्त्रक्रियेसाठी सकाळी दाखल झाल्या. रात्रीपासून काही खाल्ले आहे का, असे परिचारिकेने विचारले. मुलगा म्हणाला, "नाही सिस्टर, आईला उपवास आहे. सकाळी नुसती साबुदाण्याची खिचडी दिली." त्याने मोबाइलवर आमच्याच संकेतस्थळाचे पान उघडून दाखविले. इंग्रजी पानावर किती तास आधीपासून काय घेऊ नये, हे तपशिलाने लिहिले होते. मराठी पानावर मात्र "उपवास करून यावे" एवढेच शब्द होते. ज्या मुलखात उपवास म्हटला की साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे आलेच, तेथे त्या मुलाने जे केले ते सूचनेला धरूनच केले. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. परिचारिकेने वेळीच विचारले म्हणून अनर्थ टळला आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यावर निभावले. त्या कुटुंबाकडे यत्किंचितही दोष जात नाही. चूक आमची होती.

याच सुमारास आमच्या संकेतस्थळाची बहुभाषिक यंत्रणा बदलण्याची वेळ आली होती. आमचे संकेतस्थळ मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत आहे. वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या अशा संकेतस्थळास भाषांची सोय करून देणारा एक पूरक भाग लागतो, त्यास प्लगिन म्हणतात. आम्ही वापरीत असलेल्या प्लगिनमध्ये सुधारणा होणे थांबले होते. ज्या प्लगिनची देखभाल थांबते, त्यावर संकेतस्थळ चालू ठेवणे म्हणजे कुलूप नादुरुस्त असलेल्या कपाटात रोकड ठेवण्यासारखे आहे. बदल अटळ होता.

तथापि हा बदल दिसतो तितका सोपा नाही. काही प्लगिन एकाच पानाच्या पोटात तिन्ही भाषांचा मजकूर खुणा घालून साठवितात. पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएल यांसारखे प्लगिन प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्र ठेवून त्यांची एकमेकांशी गाठ बांधतात. आमची जुनी व्यवस्था पहिल्या प्रकारची होती. ती नुसती बंद केली असती, तर तिन्ही भाषा आणि मधल्या खुणा एकाच पानावर सरमिसळ होऊन दिसल्या असत्या.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. जुन्या खातेवहीतून नव्या वहीत बाक्या ओढण्यापूर्वी तेरीज जुळवावी, हा आमचा पहिला धडा. जुन्या वहीतील अखेरची शिल्लक आणि नव्या वहीतील आरंभीची शिल्लक एकच आली पाहिजे. म्हणून स्थलांतरापूर्वी भाषांतराची पूर्ण तपासणी करावी, असे ठरले. प्रत्येक पानास एक ओळ आणि प्रत्येक भाषेस एक रकाना असा तक्ता केला. प्रत्येक रकान्यात "पूर्ण", "अर्धवट", "जुने" किंवा "नाही" यांपैकी एक शेरा लिहिला.

या तपासणीत तीन गोष्टी उमगल्या. पहिली, उणीव स्वतःहून दिसत नाही. मराठी मजकूर नसेल तेथे यंत्रणा मुकाट्याने इंग्रजी मजकूर दाखविते. पान कोरे नसते, त्यामुळे कार्यालयात बसून पाहणाऱ्यास काही चुकले असे वाटतच नाही.

दुसरी, टक्केवारी फसवी असते. समजा, शंभर पानांपैकी नव्वद मराठीत आहेत. कागदावर हे काम उत्तम दिसते. परंतु राहिलेल्या दहांत तातडीच्या सेवेचा क्रमांक, संमतीपत्राची माहिती आणि दरपत्रक असेल, तर नव्वद टक्क्यांचा रुग्णास काय उपयोग? आमच्याकडे संस्थेचा इतिहास आणि उद्घाटन-समारंभाचे वृत्त तिन्ही भाषांत निर्दोष होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचना तशा नव्हत्या. शिवाय अर्जातील रकान्यांची नावे, बटणांवरील शब्द, चूक झाल्यास उमटणारा संदेश आणि आपोआप जाणारे एसएमएस हे पानांच्या यादीत येतच नाहीत. ते वेगळे शोधावे लागले.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे शिळे झालेले भाषांतर. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही योजना २००६ साली लागू झाली, तेव्हा वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे २५ हजार व ५० हजार रुपये होती. पुढे ती वेळोवेळी वाढून १ लाख ८० हजार व ३ लाख ६० हजार झाली. आमच्या इंग्रजी पानावर नवा आकडा होता, मराठी पानावर जुनाच राहिला होता. इंग्रजी वाचणाऱ्यास ज्या सवलतीचा पत्ता लागत होता, तीच सवलत मराठी वाचणाऱ्या गरजू कुटुंबास आपल्यासाठी नाही असे वाटत होते. ते पान वाचून कोण दाराशी न येताच परतले असतील, हे आम्हांस कधीही कळणार नाही. म्हणून आता मूळ पान कधी बदलले आणि भाषांतर कधी बदलले, या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून आम्ही पाहतो.

नावांचेही तसेच. २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ साली उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. एका भाषेत नवे आणि दुसऱ्या भाषेत जुने नाव राहिले, तर कागदपत्रे जुळविताना नातेवाइकांची धावपळ होते.

भाषा बदलताना मेळ राहिला नाही तर काय होते, हे मराठवाड्यास सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कारभार उर्दूत चाले. त्या काळची कागदपत्रे वाचून घेण्यासाठी आजही जाणकार शोधावा लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी धुंडाळल्या, तेव्हा उर्दू व मोडी दस्तऐवज वाचणाऱ्यांचे मोल साऱ्यांना उमगले. कागद असतो, पण ज्याच्या हक्काचा आहे त्यास तो वाचता येत नाही. हा अनुभव आपल्या रुग्णालयाने कोणास देऊ नये.

तक्ता पूर्ण झाल्यावर सर्व मजकुराची प्रत सुरक्षित ठेवली. स्थलांतर प्रथम चाचणीच्या प्रतीवर केले आणि प्रत्येक भाषेतील पाने आधीच्या तक्त्याशी पडताळली. जुने पत्ते नव्या पानांकडे वळविले, कारण ते पत्ते रुग्णांच्या फाइलींवर छापलेले आहेत. त्यानंतरच नवी व्यवस्था खुली केली.

यंत्राकडून भाषांतर करून घेतल्यास खर्च वाचेल, असे काही हितचिंतकांनी सुचविले. कच्च्या मसुद्यासाठी आम्ही त्याचा उपयोग करतो. परंतु रुग्णालयात "डिस्चार्ज" म्हणजे घरी जाण्याची सुट्टीही असते आणि जखमेतून येणारा स्रावही. कोठे कोणता अर्थ, हे माणसानेच ठरवावे. म्हणून प्रत्येक वैद्यकीय सूचना आधी डॉक्टर तपासतात आणि नंतर ती एका नातेवाइकास किंवा आशाताईंना मोठ्याने वाचावयास देऊन "यातून काय समजले?" असे विचारले जाते. "उपवास करून यावे" हे वाक्य आता गेले. त्याजागी "उपाशीपोटी यावे; साबुदाणा, फळे, दूध, चहा यांपैकीही काही घेऊ नये" असे लिहून प्रत्येकाची वेळ दिली आहे.

काम संपलेले नाही. तांड्यांवरून येणाऱ्या गोरमाटी बोलणाऱ्या माताभगिनींपर्यंत लिहिलेली मराठी पुरेशी पोहोचत नाही. त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित सूचना करावयाच्या आहेत. उर्दू पानांची मागणीही आहे. देणगीदारांना आमची विनंती आहे की, खाट किंवा यंत्र यांप्रमाणेच एखाद्या भाषेचा भारही उचलावा. त्यावर नावाची पाटी लागणार नाही, पण त्याचे पुण्य उणे नाही.

आपल्या शेजारच्या तेरला गोरोबाकाकांनी संतमंडळींची परीक्षा थापटण्याने केली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मडके पक्के की कच्चे, हे वरच्या रंगावरून कळत नाही, ठोकून पाहावे लागते. दरवर्षी या सभेपूर्वी आमचे प्रत्येक पान आम्ही असेच ठोकून पाहू आणि त्याचा ताळेबंद आर्थिक ताळेबंदासोबत आपल्यापुढे ठेवू, असे अभिवचन देतो आणि आपली रजा घेतो.