खोबरं : दातापासून पोटापर्यंत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

संयोजकांनी मला ‘साठीनंतरचे आरोग्य’ हा विषय दिला. तो पंधरा मिनिटांत मावणार नाही, म्हणून त्यातला एकच तुकडा उचलला आहे, खोबऱ्याचा. आपल्या ग्रुपवर खोबऱ्याबद्दल दोन तऱ्हेचे संदेश फिरतात. एक सांगतो, खोबरं म्हणजे हृदयाला विष. दुसरा सांगतो, रोज खा, रक्तवाहिन्या साफ होतील. इथे बसलेल्यांपैकी काहींची बायपास झाली आहे, बऱ्याच जणांना नातवंडं आहेत. तेव्हा खरं काय ते बघूया.

आपण घाटावरची माणसं. नारळ आपल्या दारात नाही, पण खोबऱ्यावाचून आपलं चालत नाही. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या चटणीत सुकं खोबरं, तांबड्या रश्श्याच्या वाटणात भाजलेलं, पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध. जोतिबाच्या डोंगरावर तर गुलालाबरोबर खोबरं उधळतात.

आता आकडे. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश, ९ ग्रॅम तंतू आणि ३५० उष्मांक असतात. वाळल्यावर पाणी जातं. म्हणून तेवढ्याच वजनाच्या सुक्या खोबऱ्यात स्निग्धांश ६४-६५ ग्रॅम आणि उष्मांक ६६० च्या आसपास होतात. म्हणजे सुक्याचा तुकडा दिसतो लहान, पण भरतो दुप्पट.

हे तेल खोबऱ्याच्या पेशींच्या चिवट भिंतींत कोंडलेलं असतं. त्या भिंती आपल्या पाचकरसांनी विरघळत नाहीत. त्या फोडायचं काम दातांचं. नीट न चावलेला तुकडा बराचसा तसाच पुढे जातो. ‘खोबरं पचत नाही, पोट जड होतं’ ही तक्रार साठीनंतर वाढते, त्यात दाढा गेल्याचाही वाटा असतो. आपल्या आयांनी पाट्यावर खोबरं वाटलं तेव्हा निम्मं चावण्याचं काम वरवंट्याने केलं होतं. दूध काढताना तर चोथा बाजूला राहतो आणि मोकळं झालेलं तेल वाटीत येतं. म्हणून पांढरा रस्सा सहज पितो आपण, पण त्यातले तंतू गेले आणि स्निग्धांश राहिला, हे विसरू नये.

आता हृदय. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नाही. वनस्पतीत ते नगण्यच असतं. पण खोबरेल तेलातली सुमारे ९० टक्के स्निग्धाम्लं संपृक्त असतात आणि ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. म्हणूनच २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने खोबरेल तेल खाण्यात वापरू नये, असा सल्ला दिला. दुसरी बाजूही आहे. पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरच्या लोकांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. टोकेलाऊचे लोक निम्म्याहून जास्त उष्मांक नारळातून घेत. त्यांचं कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा जास्त होतं, तरी हृदयविकार दोन्हीकडे कमी होता. पण ते नारळ मासळीबरोबर खात, साखर फारशी खात नसत आणि अंगमेहनत करत. आपण रस्सा ओरपून खुर्चीत बसतो.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. चटणीतलं, वाटणातलं, प्रसादाचं खोबरं सोडू नका. मात्र ज्यांची बायपास झाली आहे किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी एकच ठेवावी आणि ‘औषध’ म्हणून चमचाभर खोबरेल पिऊ नये. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात; खोबऱ्याला दोष देत बसण्यापेक्षा सोनोग्राफी करून घ्या. पावसाळ्यात वाटीला बुरशी धरली तर खरवडून वापरू नका, टाकून द्या. त्या बुरशीचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पाच वर्षांखालच्या नातवंडाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा देऊ नका. तो घशात अडकून श्वास कोंडतो. प्रसाद किसून भरवा. देवाची त्याला हरकत नसते.

आज जेवणात तांबडा-पांढरा आहे, असं कळतं. सावकाश चावून जेवा.