नंदादीप आणि त्याचे तेल : विद्यापीठातील एका प्रयोगशाळेची व्यवस्था



या शाळेत ज्यांनी तीन दशकांहून अधिक काळ विज्ञान शिकवले, त्या कै. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी इंदूरच्या या शाळेने आपल्या एका जुन्या विद्यार्थ्यास पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. विषय मी जरा आडवळणाचा निवडला आहे. विज्ञानातील शोधांवर व्याख्याने पुष्कळ होतात; शोध ज्या खोलीत लागतात त्या खोलीचा संसार कोण चालवतो, यावर सहसा कोणी बोलत नाही. येथून दूरच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत असताना चुंबकीय अनुस्पंदनाची प्रयोगशाळा सांभाळण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. त्या अनुभवातून आज बोलणार आहे.

हे यंत्र करते काय, ते प्रथम सांगतो. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हा एक अतिसूक्ष्म चुंबकच असतो. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते भोवऱ्यासारखे डोलू लागते, आणि त्या डोलण्याशी नेमकी जुळणारी रेडिओलहर मिळाली की तिला प्रतिसाद देते. १ टेस्ला क्षेत्रात ही कंप्रता सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झ असते, ९.४ टेस्लात ४००. म्हणून आम्ही लोक सुटसुटीतपणे ‘चारशेचे यंत्र’ म्हणतो. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे हा आविष्कार दाखवला आणि १९५२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

रसायनशास्त्रज्ञांना त्याचा उपयोग कळला तो १९५१ मध्ये. स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा वर्णपट घेतला. त्यात एक नव्हे, तीन शिखरे आली. त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक या प्रमाणात. त्या रेणूत हायड्रोजनचे अणू तीन, दोन आणि एक असेच निरनिराळ्या ठिकाणी बसलेले असतात. प्रत्येक अणुकेंद्र आपल्या शेजाराप्रमाणे किंचित निराळा सूर लावते, हे त्या तीन शिखरांनी दाखवले. या तिघांपैकी एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला. १९८० च्या दशकात त्याच संस्थेत ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र देशभरच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय सुविधा म्हणून उभे राहिले.

आता त्या खोलीत शिरू. मध्यभागी पाणी तापवण्याच्या मोठ्या बंबासारखे दिसणारे एक पात्र उभे असते. त्याच्या पोटात अतिसंवाहक तारेचे वेटोळे द्रवरूप हीलियममध्ये, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसला बुडवलेले असते. त्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचे कवच असते. या तारेत एकदा वीज सोडली की ती बाहेरच्या पुरवठ्याविना वर्षानुवर्षे फिरत राहते. अट एकच : थंडावा सुटता कामा नये. आपल्याकडे देवघरात नंदादीप असतो. तो लावणे सोपे. दिवाळी असो वा सुतक, त्यात तेल घालीत राहणे अवघड. हा चुंबक तसाच आहे. संध्याकाळी कुलूप लावताना तो बंद करता येत नाही. नायट्रोजन साधारण आठवड्या-पंधरवड्याने आणि हीलियम काही महिन्यांनी भरावाच लागतो. मग परीक्षा असोत, संप असो की मार्चअखेर असो.

आमचा पहिला प्रश्न हा तेलाचा होता, आणि तो शास्त्राचा नसून कचेरीचा होता. एके वर्षी हिशेब तपासनिसांनी आक्षेप घेतला : हीलियम खरेदी झाल्याची नोंद आहे, साठ्याच्या वहीत शिल्लक शून्य आहे आणि त्यापासून तयार झालेली वस्तूही दाखवता येत नाही, मग तो गेला कोठे? ‘हवेत गेला’ हे उत्तर अक्षरशः खरे होते, पण वहीच्या रकान्यात ते बसेना. पुढच्या खरेदीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. मी पातळीचे आकडे दर सोमवारी लेखी कळवीत होतो. अखेर एका दुपारी वेटोळ्याची अतिसंवाहकता ढळली, तारेतली सारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडली आणि उरलासुरला हीलियम पांढरा लोट होऊन क्षणात निघून गेला. एक लिटर द्रव हीलियमचा सुमारे सातशे लिटर वायू होतो; खोलीतला प्राणवायू तो हटवतो, म्हणून सर्वांना तातडीने बाहेर काढावे लागले. इजा कोणास झाली नाही. पण चुंबक पुन्हा थंड करून चेतवण्यास कित्येक महिने लागले आणि खर्च अडवलेल्या रकमेच्या अनेक पट झाला. त्या महिन्यांत एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. घरची परिस्थिती बेताची. ती शिक्षिकेच्या नोकरीवर गेली आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात लिहिले गेले नाही.

हीलियम सहजासहजी मिळणारी वस्तू नव्हे. सूर्याच्या वर्णपटातली त्याची पिवळी रेषा १८६८ मध्ये ध्यानात आली. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टचे खग्रास ग्रहण फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी आपल्याच देशात, गुंटूर येथून अभ्यासले होते. तरीही आपली गरज आज जवळजवळ संपूर्णपणे आयातीवर भागते. जून २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी झाली, तेव्हा तेथील हीलियमचे कारखाने थांबले आणि जगभरच्या प्रयोगशाळा धास्तावल्या. यावरचा शहाणपणाचा मार्ग म्हणजे उडून जाणारा वायू फुग्यात साठवून पुन्हा द्रवरूप करणे. आपल्या इंदुरातच, खंडवा रस्त्यावरील यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात, हीलियमच्या द्रवीकरणाची सोय आहे आणि विद्यापीठांतील संशोधकांसाठी तेथे अतिशीत तापमानावरचे प्रयोग चालतात. एकट्याला न पेलणारे सर्वांनी मिळून पेलावे, हे तत्त्व आपल्या दारातच नांदते आहे.

दुसरा प्रश्न रांगेचा. यंत्र एक आणि नमुने शेकडो. हायड्रोजनचा वर्णपट काही मिनिटांत मिळतो; पण कार्बनच्या अणूंपैकी या यंत्रास उपयोगी असा कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्के असतो, त्यामुळे तेच मापन पुनःपुन्हा करून बेरीज करावी लागते. आणि येथे निसर्गाचा नियम कठोर आहे : स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो, तिप्पट हवी तर नऊपट. म्हणजे एकाने आपला आलेख थोडा देखणा करण्याचा हट्ट धरला की दुसऱ्या कोणाची अख्खी रात्र जाते. म्हणून आम्ही नियम लिहून दारावर लावले. दिवसा लहान मापने, रात्री लांबची. प्रत्येकाच्या वेळेस मर्यादा. नोंद वहीत, चिठ्ठीवर नाही. आणि विभागप्रमुखांचा नमुनाही रांगेतच. शेवटच्या नियमाने काही स्नेह दुरावले. परंतु बाहेरगावच्या छोट्या महाविद्यालयातून टपालाने नमुना पाठवणाऱ्या अध्यापकास आपला क्रमांक कोणी ओलांडणार नाही याची खात्री वाटू लागली. प्रयोगशाळेची खरी पत हीच.

तिसरा प्रश्न माणसाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. पाच मिलिमीटर जाडीची काचेची नळी, तिच्यात अर्धा मिलिलिटर द्रावण. नळीस बारीक तडा असेल तर ती आत फुटते आणि महागडा संवेदक निकामी होतो. क्षेत्र तर इतके एकसारखे हवे की शंभर कोटींत एका भागाइतकाही फरक खुपतो. ते रोज जुळवावे लागते. आमचे ऑपरेटर नळी उजेडात धरूनच सांगत, ‘सर, हा नमुना गाळून आणायला सांगा.’ त्यांच्या हातून शेकडो प्रबंधांची शिखरे उमटली. नियुक्ती मात्र कित्येक वर्षे हंगामीच राहिली. ते निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही. यंत्र जागचे हलले नव्हते, चुंबकही जिवंत होता. पण वर्षभरात खोलीतली वर्दळ ओसरली. कोटींचे यंत्र मिळवण्यासाठी आपण समित्या नेमतो, आणि ते बोलते ठेवणाऱ्या माणसासाठी एक पद मिळवताना थकतो.

या अनुभवातून आम्ही तीन गोष्टी करून घेतल्या. हीलियमची तरतूद पगारासारखी वार्षिक आणि अटळ मानली जावी, दरवर्षी नव्याने मागावी लागू नये. मापनाचे शुल्क माफक असावे, पण ते सर्वसाधारण निधीत न मिसळता देखभालीसाठीच राखून ठेवावे. आणि प्रत्येक बिघाड, प्रत्येक भरणा, प्रत्येक दुरुस्ती एकाच वहीत लिहावी, म्हणजे माणूस बदलला तरी ज्ञान खोलीतच राहील. गुरुजींनी या शाळेच्या प्रयोगशाळेत उपकरणांची अशीच वही ठेवली होती, हे येथील अनेकांना आठवत असेल.

मित्रहो, माजी विद्यार्थी संघ शाळेला नवी विज्ञान प्रयोगशाळा देणार असल्याचे मला कळले आहे. आनंद वाटला. माझी विनंती एवढीच की, जेवढी रक्कम उपकरणांसाठी जमेल तिचा ठरावीक हिस्सा वेगळ्या ठेवीत ठेवा आणि तिच्या व्याजातून दुरुस्ती, रसायने आणि प्रयोगशाळा साहाय्यकाचे मानधन भागवा. उपकरणावर देणगीदाराचे नाव कोरले जाते, तेलाच्या बुधलीवर कोणी कोरीत नाही. तरीही आपल्यापैकी काहींनी तेलाचे दाते व्हावे, असे मला मनापासून वाटते.